वेल्सचा वाटा आणि आमच्या हॉलचं छप्पर

२०२३ च्या जानेवारीत आमच्या हॉलमध्ये सात बादल्या होत्या. पाऊस सुरू झाला की कोणती बादली कुठे सरकवायची हे गुरुवारच्या जेवणाला येणाऱ्या आजीबाईंनाही पाठ झालं होतं.

मी मूळची यवतमाळची. गेली चौदा वर्षं साउथ वेल्सच्या एका खोऱ्यात फार्मासिस्ट आहे. खाणी बंद झाल्या, पण खाणकामगारांनी बांधलेली इन्स्टिट्यूट अजून उभी आहे. आठवड्याच्या पगारातून पेन्स कापून घेऊन त्यांनी ती बांधली. खाली सभागृह, वर वाचनालय. आमच्या समितीचे अध्यक्ष स्वतः खाणीत उतरलेले आहेत. त्यांनीच मला खजिनदार केलं. "तू रोज गोळ्या मोजतेस, पैसेही नीट मोजशील," म्हणाले. छपराच्या दुरुस्तीसाठी सरकारी निधी मिळवायचं काम मग ओघानं माझ्याकडे आलं. त्याला पूर्ण दोन वर्षं लागली. इथल्या किंवा कुठल्याही छोट्या संस्थेत काम करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे.

आधी पैसा कुठून येतो ते समजून घ्यावं लागलं, कारण अर्जात पहिलाच प्रश्न होता की या निधीचा उद्देश तुमच्या कामाशी कसा जुळतो. ब्रिटन युरोपीय संघात होतं तेव्हा पश्चिम वेल्स आणि खोऱ्यांचा हा पट्टा युरोपच्या सर्वात गरीब प्रदेशांमध्ये मोजला जायचा. दरडोई उत्पन्न युरोपच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी, म्हणून २००० सालापासून मदतही वरच्या दर्जाची. आमच्याकडच्या रस्त्यांवर, कॉलेजांवर निळ्या पाट्या आणि पिवळ्या चांदण्या अजून दिसतात. २०१६ च्या मतदानात वेल्सच्या ५२.५ टक्के लोकांनी संघातून बाहेर पडण्याच्या बाजूनं कौल दिला, आमच्या खोऱ्यातही बहुमत तेच होतं. युरोपचा निधी थांबणार, त्याची जागा लंडनचं सरकार भरून काढेल, असं सांगण्यात आलं. एप्रिल २०२२ मध्ये ती योजना जाहीर झाली, शेअर्ड प्रॉस्पेरिटी फंड. तीन वर्षांसाठी २६० कोटी पौंड.

वाटप असं झालं. इंग्लंडला सुमारे १५८ कोटी, वेल्सला साडेअठ्ठावन्न कोटी, स्कॉटलंडला २१ कोटी २० लाख, उत्तर आयर्लंडला १२ कोटी ७० लाख. वेल्सची लोकसंख्या ३१ लाख, म्हणजे देशाच्या पाच टक्क्यांहूनही कमी, आणि वाटा बावीस टक्क्यांच्या वर. मी डोईमागे हिशेब केला. वेल्समध्ये माणशी जवळपास १९० पौंड, इंग्लंडमध्ये तीसच्या आत. हे आकडे मी समितीपुढे ठेवले तेव्हा एक सदस्य म्हणाले, "मग तक्रार कशाची?"

त्याच रात्री यवतमाळला दादाशी फोनवर बोलले. तो सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे बी अनुशेष हाय!" त्या एका शब्दानं मला जे तासभर समितीला समजावता आलं नव्हतं ते नेमकं समोर आलं. विदर्भात वाढलेल्या माणसाला अनुशेष शिकवावा लागत नाही. दांडेकर समितीनं १९८४ च्या अहवालात तो मोजून दाखवला, त्यानंतर १९९४ मध्ये विकास मंडळं आली, आणि आमच्या घरी बाबा पेपर वाचताना हा शब्द भाजीच्या भावाइतक्या सहज बोलायचे. मागे पडलेल्या भागाला डोईमागे जास्त द्यावं लागतं, आणि ते मेहेरबानी म्हणून नाही, हे मी तिथे ऐकलं आणि इथे पुन्हा अर्जात लिहिलं.

पण लंडनचं सरकार दर वेळी याच मापानं देत नाही, हे मला पुढे कळलं. लेव्हलिंग अप फंड ४८० कोटींचा होता. त्याच्या पहिल्या फेरीत स्कॉटलंडला किमान ९ टक्के, वेल्सला ५ टक्के, उत्तर आयर्लंडला ३ टक्के राखून ठेवले होते. हे साधारण डोकी मोजून ठरलेलं, गरज पाहून नव्हे. समाजाच्या मालकीच्या इमारतींसाठी आणखी एक १५ कोटींचा फंड होता, त्यात वेल्सचा किमान वाटा ७१ लाख. पुन्हा डोकीच. वेल्स सरकारला दरवर्षीचं मोठं अनुदान बार्नेट फॉर्म्युल्यानं येतं. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून तो चालत आला आहे: इंग्लंडमध्ये एखाद्या खात्याचा खर्च वाढला की लोकसंख्येच्या प्रमाणात वेल्स, स्कॉटलंड वगैरेंचं अनुदानही वाढतं. गरजेचा त्यात विचारच नव्हता. वेल्स सरकारनं नेमलेल्या होल्थम आयोगानं २०१० मध्ये सांगितलं की इंग्लंडच्या शंभर पौंडांमागे वेल्सला सुमारे ११५ लागतात. मग २०१६ च्या करारानुसार पुढे वेल्सच्या वाढीवर पाच टक्के जादा मिळू लागले. एकाच खजिन्यात न्यायाची तीन मापं. आमच्या शेअर्ड प्रॉस्पेरिटी फंडातला वेल्सचा मोठा वाटा तर युरोपच्या जुन्या मोजणीचा वारसा होता, तो लंडननं नव्यानं मोजलेला नव्हता. वेल्सच्या आत मात्र नव्यानं मोजलं: ४० टक्के वजन लोकसंख्येला, ३० टक्के वेल्सच्या वंचिततेच्या निर्देशांकाला, ३० टक्के दुसऱ्या एका गरज-निर्देशांकाला. त्यामुळे आमच्या खोऱ्याला बरा हिस्सा आला. या मापाबद्दल माझं मत चांगलं आहे.

तक्रार होती वेळेची.

२६० कोटींपैकी पहिल्या वर्षी ४० कोटी, दुसऱ्या वर्षी ७० कोटी आणि शेवटच्या वर्षी दीडशे कोटी, अशी मांडणी होती. कारण युरोपचा जुना पैसा अजून संपत आलेला नव्हता, तो उतरेल तसा नवा चढेल असा हिशेब. वेल्स सरकारला हा हिशेबच मान्य नव्हता. आपलं शंभर कोटींहून जास्त नुकसान झालं असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय २०२० च्या अंतर्गत बाजार कायद्यानं लंडनला वेल्समध्ये थेट खर्च करण्याची मुभा मिळाली होती, त्यामुळे कार्डिफच्या, म्हणजे वेल्स सरकारच्या, हातातून वाटपाची दोरी गेली होती. योजनांना मंजुरी मिळाली ती डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे पहिलं आर्थिक वर्ष संपायला चार महिनेही उरले नव्हते. आमच्यापर्यंत अर्ज पोचला तो त्यानंतर.

पहिला अर्ज आम्ही २०२३ च्या एप्रिलमध्ये दिला. तीन कोटेशनं, विम्याची कागदपत्रं, तीन वर्षांचे ताळेबंद, किती लोक हॉल वापरतात याचे आकडे. सप्टेंबरमध्ये मंजुरी आली. आम्ही हॉलमध्ये केक कापला. आणि आठवड्याभरात छपराच्या कंत्राटदारानं विचारलं, "वटवाघळांची पाहणी झाली आहे ना?"

झाली नव्हती. इथे वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे. जुन्या छपराला हात लावायचा तर आधी तिथे त्यांचा मुक्काम आहे का हे तज्ज्ञानं संध्याकाळी उभं राहून पाहावं लागतं, आणि ती पाहणी मे ते सप्टेंबर या महिन्यांतच होते. आमच्या हातात पत्र आलं तेव्हा तो काळ सरत होता. दुसरीकडे पैसा ३१ मार्च २०२४ पर्यंत खर्च झालाच पाहिजे अशी अट. निधी वाटणाऱ्या आमच्या स्थानिक कौन्सिलला मी लिहिलं, वर्ष बदलून मिळेल का? उत्तर आलं की या वर्षाचं अनुदान याच वर्षी संपवायचं. आम्ही मंजूर झालेले पैसे परत केले. ते पत्र टाइप करताना माझे हात थरथरत होते. अध्यक्षांनी सही केली आणि कोट चढवून काही न बोलता निघून गेले. त्या हिवाळ्यात बादल्या नऊ झाल्या.

ज्या कौन्सिलकडे किंवा संस्थेकडे पगारी माणसं आहेत, त्यांच्या फाइलीत अशा पाहण्या आधीच तयार असतात. ज्यांच्याकडे नाहीत, त्यांना वर्षाची मुदत गाठता येत नाही. गरीब खोऱ्याला जास्त वाटा द्यायचा आणि तो खर्चायला सहा महिने द्यायचे, यात दिलेलं काढून घेतलं जातं. हे मी तेव्हाही कौन्सिलला लेखी कळवलं.

दुसऱ्या वेळी आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केली. फॉर्मच्या आधी पाहणी. तिचे अठराशे पौंड आमचे आम्ही उभे केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मी सत्तर माणसांसाठी मसालेभात, कढी आणि गुलाबजाम केले, गायनमंडळानं कार्यक्रम केला, तिकीट बारा पौंड. उरलेले पैसे लोकांनी डब्यात टाकले. त्याच महिन्यात अर्जही गेला आणि त्यात पाहणीच्या तारखा लिहिल्या.

मेच्या अखेरीस दोन संध्याकाळी आम्ही खुर्च्या टाकून बाहेर बसलो. तज्ज्ञ बाईंच्या हातात एक छोटं यंत्र होतं, वटवाघळांचा आपल्याला न ऐकू येणारा आवाज त्यातून तडतड वाजतो. सूर्य मावळून वीसेक मिनिटं झाली असतील. यंत्रात लाह्या फुटल्यासारखा आवाज आला आणि धुराड्याजवळच्या एका कौलाखालून अंगठ्याएवढं काहीतरी निसटलं. मग दुसरं. एकूण चार. अध्यक्ष कुजबुजले, "इतकी वर्षं भाडं न देता राहतायत." त्यांच्यासाठी परवाना काढावा लागला, पण तारखा आधीच धरल्या होत्या म्हणून तो वेळेत मिळाला.

जूनमध्ये मंजुरी आली, ४६,००० पौंड. आमचे ९,०००. काम सप्टेंबरमध्ये सुरू झालं. इथली कौलं म्हणजे स्लेट. मी एक उतरवलेली स्लेट हातात घेतली, बोटानं पुसली, आणि ती लहानपणीची पाटीच निघाली. तोच गार स्पर्श, कडेला तीच खरखर. धुराड्याजवळच्या कौलांची ओळ तज्ज्ञ बाई शेजारी उभ्या असताना एकेक करून हातानं काढली गेली. त्या जागी आता वटवाघळांना आत जायला फट ठेवून बसवलेली कौलं आहेत.

शेवटची अडचण पैशाच्या येण्याची. अनुदान आधी खर्च करा, पावत्या द्या, मग मिळेल, अशा रीतीचं. आमच्या खात्यात साडेअकरा हजार होते आणि कंत्राटदाराचं पहिलं बिल अठरा हजारांचं. मी मंजुरीपत्र तीनदा वाचलं. आगाऊ हप्ता मागता येतो असं एक वाक्य शेवटच्या पानावर होतं. मागितला, मिळाला. तुम्ही अशा अर्जात असाल तर हे पहिल्याच दिवशी विचारा. आणि प्रत्येक पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. डिसेंबरमध्ये माझी एक पावती भिजून वाचेनाशी झाली होती, ती पुन्हा मिळवायला अडीच आठवडे गेले. शेवटचा दावा आम्ही फेब्रुवारी २०२५ मध्ये दाखल केला.

दरम्यान या फंडाला आणखी एका वर्षाची, २०२५-२६ ची मुदतवाढ मिळाली, सगळ्या देशासाठी ९० कोटी. पुन्हा एकच वर्ष. समितीनं आमच्या खासदारांना आणि कार्डिफच्या सेनेडमधल्या (वेल्सच्या संसदेतल्या) सदस्यांना एकच पत्र पाठवलं. वेल्सचा वाटा गरजेवरच ठरू दे, पण तो तीन वर्षांसाठी सलग द्या, आणि एका वर्षी न खर्चलेला पैसा पुढच्या वर्षी त्याच गावाला वापरू द्या. पत्राला आम्ही परत केलेल्या अनुदानाचा कागद जोडला. सही अध्यक्षांची, खाली माझी.

बादल्या आता जिन्याखाली एकात एक घालून ठेवल्या आहेत.