तुम्ही विचारलंत म्हणून: कुठलं बिझनेस मासिक लावू?

मी कॉलेजात अकाउंट्स शिकवतो हे कळलं की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. "सर, मुलाला उद्योगधंद्यांची माहिती व्हावी म्हणून कुठलं बिझनेस मासिक लावू?" मी म्हणतो, कुठलंच लावू नका. त्यावर पुढचा प्रश्न येतो, "असं का म्हणता?" उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट लिहितो.

ही मासिकं मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे, आणि म्हणूनच मला त्यांचा राग येतो. मुखपृष्ठावर कंपनीचा संस्थापक असतो. आत त्याचं बालपण, त्याचा संघर्ष, तो पहाटे किती वाजता उठतो, त्याला भांडवल कुणी दिलं, हे सगळं असतं. कंपनीला पैसे नेमके कोण देतं, कशाबद्दल देतं आणि ते पैसे खरोखर हातात पडतात का, हे मात्र लेख संपला तरी कळत नाही. माझ्या दृष्टीने धंद्याची बातमी ती हीच. बाकीचं व्यक्तिचित्रण झालं.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्याला याचं उदाहरण बाहेर शोधावं लागत नाही. गुहागर तालुक्यात अंजनवेलला दाभोळ वीज प्रकल्प उभा करणाऱ्या एन्रॉनला 'फॉर्च्यून' या अमेरिकी मासिकाच्या यादीत १९९६ पासून २००१ पर्यंत सलग सहा वर्षं अमेरिकेतली सर्वांत नावीन्यपूर्ण कंपनी म्हणून मान मिळाला. डिसेंबर २००१ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीत गेली. आता त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं ते बघा. हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असं जागतिक बँकेने १९९३ मध्येच कळवून कर्ज नाकारलं होतं. पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेतल्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये वीजखरेदी कराराची आकडेमोड मांडली. वीज घ्या किंवा न घ्या, प्रकल्पाच्या क्षमतेपोटीचा ठरावीक आकार वीज मंडळाने भरायचाच, आणि दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. रुपया घसरला की भार मंडळावर, म्हणजे शेवटी तुमच्याआमच्यावर. मे २००१ मध्ये मंडळाने ही वीज घेणं थांबवलं. 'प्रयास'च्या या माणसांकडे एन्रॉनच्या प्रमुखांची मुलाखत नव्हती. त्यांनी करार वाचला होता.

न्यायाने हेही सांगायला हवं की एन्रॉनवरचा महत्त्वाचा लेख आला तोही 'फॉर्च्यून'मध्येच. मार्च २००१ मध्ये बेथनी मॅक्लीन या तरुण पत्रकार बाईंनी विचारलं की ही कंपनी पैसे मिळवते तरी कशी? शेअर त्याच्या वाट्याच्या वार्षिक नफ्याच्या सुमारे ५५ पटीने विकला जात होता आणि उत्तर कुणाला देता येत नव्हतं. म्हणजे हे काम मासिकात होऊ शकतं. आपल्याकडेही, वृत्तपत्रात का होईना, १९९२ मध्ये पत्रकार सुचेता दलाल यांनी हर्षद मेहताचा शेअर घोटाळा बाहेर काढलाच की. मग ते अपवादानेच का होतं, याचं मला वाईट वाटतं.

धडा शिकले म्हणावं, तर तसंही नाही. रक्ततपासणीच्या नव्या तंत्राचा खोटा दावा करणाऱ्या थेरानोस कंपनीच्या एलिझाबेथ होम्स २०१४ मध्ये 'फॉर्च्यून'च्याच मुखपृष्ठावर आल्या. सॅम बँकमन-फ्राइड 'पुढचा वॉरन बफे?' या प्रश्नासह २०२२ मध्ये तिथेच झळकला आणि त्याच नोव्हेंबरात त्याची एफटीएक्स ही क्रिप्टो चलनांच्या खरेदी-विक्रीची कंपनी बुडाली.

पण मला सर्वांत जास्त खुपलं ते मुलांना ऑनलाइन शिकवण्या विकणाऱ्या बायजूजचं, कारण त्यात आपल्या मध्यमवर्गीय घरांचे पैसे होते. मार्च २०२२ मध्ये कंपनीचं मूल्यांकन २२ अब्ज डॉलर म्हणून सगळीकडे छापून येत होतं. तेव्हा मार्च २०२१ला संपलेल्या वर्षाचे हिशेबसुद्धा कंपनीने जाहीर केलेले नव्हते! ते आले सप्टेंबर २०२२ मध्ये, दीड वर्षाने, आणि तोटा निघाला ४,५८८ कोटींचा. वर्षभर ताळेबंद अडकून पडतो, ही पहिल्या पानाची बातमी आहे. मूल्यांकन म्हणजे कुणीतरी थोडे शेअर ज्या भावाने घेतले, त्या भावाने सगळ्या शेअरांना गुणणं. ती रक्कम कुणाच्या तिजोरीत नसते. हे एका वाक्यात वाचकाला सांगता आलं असतं.

असं का होतं, याचं माझं उत्तर असं: मुलाखत कंपनीच्या मर्जीने मिळते, जाहिरात कंपनीची असते, आणि वर्षातून एकदा होणाऱ्या पुरस्कार सोहळ्याचे प्रायोजकही अशाच कंपन्या असतात. एकट्या पत्रकाराला मी दोष देत नाही. हातात थोडे दिवस, वर अब्रुनुकसानीच्या दाव्याची भीती. पण वर्गणी वाचक भरतो, आणि त्याच्या बाजूने कुणी बसलेलं नसतं.

तेव्हा मासिकाऐवजी मुलाला वार्षिक अहवाल वाचायला द्या. शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपन्यांचे अहवाल बीएसई आणि एनएसई या शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. घरात ज्या कंपनीची बिस्किटं किंवा साबण येतो, ती निवडा. अध्यक्षांचं मनोगत सोडून द्या आणि थेट कॅश फ्लोचं, म्हणजे रोकड कुठून आली आणि कुठे गेली ते दाखवणारं पान काढा. पाच वर्षांचा नफा एका रकान्यात आणि धंद्यातून आलेली रोकड शेजारच्या रकान्यात लिहायला सांगा. नफा वाढतोय आणि रोकड येत नाही असं दिसलं, तर येणी किती थकली आहेत ते शोधायचं. मग ऑडिटरचा अहवाल, आणि प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मालक मंडळींच्या, नातेवाइकांच्या कंपन्यांशी झालेल्या व्यवहारांची टीप. सुरुवातीला कंटाळा येईल, तिसऱ्या अहवालापासून गोडी लागते. कुठे अडलं तर वही घेऊन त्याला माझ्याकडे पाठवा, शनिवारी दुपारनंतर मी घरीच असतो.