पत्राच्या पोटात परतीचं पोस्टकार्ड

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचा जन्म आपल्या कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८ चा. मुलं सहीसाठी वह्या पुढे करायची, तेव्हा ते सांगायचे की सहीपेक्षा विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा. मग उत्तर यायचं आणि उत्तराखाली सही असायची. आवडत्या माणसाला पत्र लिहून उत्तराची वाट बघणाऱ्यांनी यातलं मर्म उचलावं. पत्रात उत्तर देता येईल असा एक प्रश्न हवा, आणि ते उत्तर धाडायला समोरच्याला उठून पाकीट, तिकीट, पत्ता शोधावा लागू नये.

प्रश्नापासून सुरुवात करू. ‘तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?’ या प्रश्नाला समोरचा माणूस दोन ओळींत काय लिहिणार? तो पत्र बाजूला ठेवतो, सवडीने लिहू म्हणतो, आणि ते तिथेच राहतं. आता आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला पत्र लिहायचं आहे असं समजा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्याने कांस्य जिंकलं. या प्रकारात आधी गुडघ्यावर, मग झोपून, मग उभं राहून नेम धरायचा असतो. ‘झोपलेल्या स्थितीतून उठून उभं राहिल्यावर पहिली गोळी मारण्याआधी तुम्ही किती वेळ थांबता?’ असं विचारलं तर एका ओळीत उत्तर देता येतं, आणि लिहिणाऱ्याने खेळ नीट पाहिलाय हेही कळतं. लेखकाला लिहिताना पानाचा आकडा द्या, नटाला लिहिताना प्रवेश सांगा, गायकाला लिहिताना कुठल्या मैफलीतली कुठली जागा ते लिहा. कौतुक तीन-चार ओळींत आटपा. मजकूर दीडशे-दोनशे शब्द, कागदाची एकच बाजू. पत्रातच मदत, नोकरी, शिफारस किंवा स्वतःची कवितांची वही वाचून अभिप्राय मागितला, की ते पत्र चाहत्याचं राहत नाही, अर्ज होतो.

आता परतीची सोय. पूर्वी यासाठी जोडकार्ड असायचं, एक भाग आपला आणि दुसरा उत्तराचा. ते काउंटरवर मिळालं तर घ्याच. नाहीतर ५० पैशांचं साधं पोस्टकार्ड घ्या, त्यावर स्वतःचा पत्ता लिहा आणि ते पत्राबरोबर पाकिटात घाला. ९ बाय ४ इंची लांब पाकीट यासाठी उत्तम. पोस्टकार्ड न दुमडता बसतं आणि ए-फोर कागद तीन घड्यांत मावतो. पोस्टकार्डाचा खरा फायदा असा की त्यावर जागाच थोडी असते. लिहिणाऱ्याला दोन ओळी लिहून थांबता येतं, अपुरं वाटत नाही.

वजनात लोक हमखास चुकतात. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये. ७० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) ए-फोर कागद साडेचार ग्रॅमच्या आसपास भरतो, लांब पाकीटही साधारण तेवढंच, पोस्टकार्ड तीनेक ग्रॅम. म्हणजे दोन कागद घातले तरी सोळा-सतरा ग्रॅममध्ये भागतं. त्यात सहीसाठी ४ बाय ६ चा फोटो घातला की काटा २० वर जातो, आणि फोटो दुमडू नये म्हणून पुठ्ठा घातला की नक्कीच पुढे. मग १० रुपयांचं तिकीट हवं. तिकीट कमी पडलं तर पत्र नॉटपेड होतं आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे पोस्टमन ज्याला पत्र लिहिलंय त्याच्याकडून मागतो. ज्याचं कौतुक करायला पत्र धाडलं, त्याच्याच खिशाला चाट! फोटो परत हवा असेल तर परतीचं पाकीटही त्याच वजनाचं धरून तिकीट लावा. चकचकीत फोटोवर जेल पेनची शाई वाळत नाही, फरफटते. मॅट फोटो पाठवा.

आपल्याकडच्या पावसात आणखी एक गोष्ट होते, तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. जून ते सप्टेंबर हवेतल्या ओलाव्याने परतीच्या पाकिटाची डिंक लावलेली झडप आपोआप चिकटून बसते. समोरच्याच्या हातात पडतं ते बंद झालेलं रिकामं पाकीट. फाडावं तर वाया, तसंच ठेवावं तर निरुपयोगी. झडपेखाली बटर पेपरची पट्टी सरकवून ठेवा, काम होतं. पत्ता बॉलपेननेच लिहा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा, तिकिटावर मात्र ती येऊ देऊ नका. पंचगंगेला पूर येऊन शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, जसा २०१९ आणि २०२१ ला पडला, की टपालही अडकतं. त्या आठवड्यांत पत्र टाकूच नये.

परतीच्या पत्त्यात ‘मंगळवार पेठ’ एवढ्यावर थांबू नका. मंगळवार पेठ पुण्यातही आहे, सोलापुरातही आहे. शनिवार पेठेचंही तेच. घर क्रमांक, गल्ली, जवळची तालीम किंवा देऊळ, मग ‘कोल्हापूर’ ठळक आणि ४१६ ने सुरू होणारा पूर्ण पिन. राजारामपुरीत राहत असाल तर गल्लीचा आकडा अक्षरांतही लिहा, कारण घाईत लिहिलेला १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात.

पाठवायचं कुठे? घरचा पत्ता शोधत बसू नका, तो मिळाला तरी वापरू नका. लेखकाला प्रकाशकामार्फत, पाकिटावर ‘द्वारा’ लिहून. खेळाडूला संघटनेच्या किंवा तो जिथे नोकरी करतो त्या खात्याच्या पत्त्यावर. कुसाळे मध्य रेल्वेत आहे. नाटकातल्या कलावंताचं पत्र प्रयोगाच्या दिवशी नाटकाच्या व्यवस्थापकाकडे द्यावं, पण प्रयोगानंतर. आधीच्या गडबडीत ते मेकअपच्या सामानाखाली जातं. परदेशी पत्र लिहिणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की परतीच्या पाकिटावर आपलं भारतीय तिकीट तिकडे चालत नाही, त्या देशाचंच लागतं.

नवा चित्रपट लागलाय, पदक नुकतंच मिळालंय, तेव्हा पत्रांचा ढीग असतो. दोन-तीन महिने जाऊ द्या. माझ्या मते निवृत्त खेळाडू, चरित्र अभिनेते, अनुवादक, साथीदार वादक यांना लिहिणं सगळ्यात समाधानाचं, कारण त्यांना पत्रं कमी येतात आणि ती वाचली जातात. पत्र टाकण्याआधी त्याची झेरॉक्स काढून ठेवा. चार महिन्यांनी ‘होय, दुसरंच बरोबर’ एवढंच उत्तर आलं, तर आपण काय विचारलं होतं ते आठवायला हवं ना! दोन महिने वाट पाहून एक आठवणीचं कार्ड टाकावं, त्यानंतर नाही.

सही आली की ती तिरप्या उजेडात धरून बघा. हाताने केलेल्या सहीत कुठे दाब जास्त, कुठे कमी असतो, बॉलपेन असेल तर मागच्या बाजूला बोट फिरवल्यावर उठाव लागतो. छापील सही भिंगाखाली ठिपक्या-ठिपक्यांची दिसते. यंत्राने केलेल्या सहीची रेघ मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. आलेलं पत्र लॅमिनेट करू नका. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही आणि काही शाया त्यात फिकट होतात. कोरड्या कपाटात, कसर लागणार नाही अशा जागी फायलीत ठेवा. पाकिटातून आलं असेल तर शिक्क्याच्या तारखेसकट ते पाकीटही त्याच्या मागेच लावा.