आंबोलीत नीलवंत पाहायला जाताना

नीलवंत हे फुलपाखरू पाहायचं असेल तर आंबोलीला जुलैत जाऊ नका. वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या घरात जाणारा तिथला पाऊस तेव्हा ऐन भरात असतो, धुक्यात दहा पावलांवरचं झाड दिसत नाही आणि फुलपाखरं पानांखाली अंग चोरून बसलेली असतात. शिवाय शनिवार-रविवारी मुख्य धबधब्याजवळ गाड्यांची अशी रांग लागते की घाट पार करायलाच अर्धा दिवस जावा. आम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आठवड्याच्या मधल्या वारी गेलो. पाऊस ओसरलेला, ओढे अजून वाहते, कारवीची पानं हिरवीगार आणि सकाळी स्वच्छ ऊन. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ मला या फुलपाखरासाठी सर्वांत चांगला वाटतो.

नीलवंत म्हणजे ब्लू मॉर्मॉन. राणी पाकोळी हेही त्याचंच नाव. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. पंखांचा विस्तार बारा ते पंधरा सेंटिमीटर, म्हणजे आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या फुलपाखरांपैकी हे एक. भारताचा दक्षिण भाग, पश्चिम घाट आणि श्रीलंका हा त्याचा मुख्य मुलूख. मुंबई-पुण्याच्या बागांमध्येही ते दिसतं, मग एवढ्या लांब कशाला जायचं, असं मला काहींनी विचारलं. बागेत दिसतं ते कुंपणावरून सुसाट निघून जाणारं एकटं फुलपाखरू. जंगलात ते काय खातं, कुठे अंडी घालतं, कोणाला घाबरतं, हे सगळं एकत्र पाहायला मिळतं. आम्ही त्यासाठी गेलो होतो.

आंबोलीला पोहोचणं सोपं आहे. कोकण रेल्वेने सावंतवाडी रोडला उतरायचं आणि सावंतवाडी गावातून एसटी किंवा गाडीने घाट चढायचा, अंतर साधारण तीस किलोमीटर. कोल्हापूर आणि बेळगावकडूनही रस्ता आहे. गाव सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे ऑक्टोबरातही पहाटे गारवा असतो आणि या गारव्याचा आपल्या कामाशी थेट संबंध आहे. फुलपाखरांना स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता तयार ठेवता येत नाही, उडण्याआधी त्यांना उन्हात पंख पसरून छातीचे स्नायू तापवावे लागतात. म्हणून पहाटे सहाला उठून जंगलात धावण्यात काही अर्थ नाही. ती वेळ बेडकांना आणि पक्ष्यांना द्या. नीलवंतासाठी साडेआठ ते साडेअकरा ही वेळ राखून ठेवा. ढग आले की तो गायब होतो, ऊन पडलं की पाच मिनिटांत पुन्हा हजर.

आमच्यासोबत गावातलेच एक अनुभवी वाटाडे होते. स्थानिक माणूस सोबत घ्याच, असं मी आग्रहाने सांगेन. वाट कळते, गावाला चार पैसे मिळतात, आणि मुख्य म्हणजे कुठल्या ओढ्यावर कुठल्या वेळी ऊन पोहोचतं हे त्यांना पाठ असतं. ओढ्यावर पोहोचताच मी नेहमीच्या सवयीने पाण्याकडे सरकू लागले, तेव्हा त्यांनी हळूच म्हटलं, "थंयसर जाव नकात, हंयसरच उभे ऱ्हवा." आम्ही जांभळाच्या बुंध्याला टेकून उभे राहिलो. थोड्याच वेळात ओढ्याच्या पात्रावरून एक नर आला, आमच्या समोरून गेला, वळणाआड दिसेनासा झाला आणि काही मिनिटांनी त्याच वाटेने परत आला. मग पुन्हा. नर अशी ठरलेली गस्त घालतात, माद्यांच्या शोधात. ओढ्याचं पात्र, जंगलातली मोकळी पायवाट, झाडीतली उजेडाची जागा, हे त्यांचे रस्ते. त्यांच्या मागे पळणं व्यर्थ आहे, इतका वेगवान आणि सावध उडणारा प्राणी तुमच्या हाती लागणार नाही. एका जागी थांबलात तर तोच तुमच्यापाशी येतो, हे त्या सकाळी आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

जवळून पाहिलेला नर काय सांगू! पंखांची वरची बाजू मखमली काळी, पुढच्या पंखांवर निळसर रेघांचा पट्टा, आणि मागच्या पंखांचा बराचसा भाग फिकट, धुरकट निळा, त्यात काळे ठिपके. मागच्या पंखांना शेपटी नसते, ही खूण नीट लक्षात ठेवा. काळं आणि मोठं प्रत्येक फुलपाखरू नीलवंत नव्हे. कॉमन मॉर्मॉनच्या नराला मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ आणि शेपट्या असतात. पॅरिस पीकॉक दिसलं तर त्याचा निळा डाग लहान, झगझगीत आणि पंखांना शेपटी. सदर्न बर्डविंग नीलवंताहूनही मोठं, पण त्याच्या मागच्या पंखांवर पिवळाधमक रंग असतो. नीलवंताची मादी नरापेक्षा फिकट दिसते आणि ती कमी भेटते, कारण तिचा बराचसा वेळ झाडीत, अंडी घालायची झाडं धुंडाळण्यात जातो.

गस्त संपवून तो नर ओल्या वाळूवर उतरला. आता पंख मिटलेले, त्यामुळे खालची बाजू दिसली. मळकट काळ्या पंखांच्या मुळाशी गडद लाल डाग आहेत, उडताना ते कळतच नाहीत. ओल्या मातीवर बसून सोंडेने पाणी शोषण्याच्या या सवयीला चिखलपान म्हणतात आणि ते करणारे बहुतेक नरच असतात. फुलांच्या मधात साखर भरपूर पण सोडियम अगदी थोडं, ते मातीतून मिळवावं लागतं. मिलनाच्या वेळी हे क्षार नराकडून मादीकडे आणि तिथून अंड्यांत जातात. शेजारीच ब्लूबॉटल फुलपाखरांचा एक थवा बसला होता, त्यांच्या शेपटाकडून पाण्याचे थेंब उडताना दिसत होते. क्षार ठेवून घ्यायचे आणि जादाचं पाणी टाकून द्यायचं, असा त्यांचा उद्योग.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. फोटोसाठी वाळूवर मिठाचं पाणी, फळांचा लगदा किंवा आणखी काही ओतणारे लोक मी पाहिले आहेत. कृपया हे करू नका. एका ठिकाणी गर्दी झाली की कोतवाल आणि वेडे राघू हे पक्षी ती जागा हेरतात, आणि ओढ्याच्या पाण्यात नको ते मिसळतं. ज्या ओढ्यावर ऊन आहे, ओली वाळू आहे आणि माणसांचा गोंगाट नाही, तिथे नीलवंत आपणहून येतो. फोटो काढताना खाली बसून, कडेने, सावकाश पुढे व्हा आणि तुमची सावली त्याच्यावर पडू देऊ नका. सावली पडली की तो उडालाच. फुलावर असताना नीलवंत पुढचे पंख सतत फडफडवत राहतो, त्यामुळे शटरचा वेग जास्त ठेवावा लागतो. स्थिर फोटो हवा असेल तर ओल्या वाळूवरचाच मिळतो.

पण या सहलीतलं माझं खरं आकर्षण ओढा नव्हता, माकडलिंबू होता. लिंबाच्या कुळातलं हे रानझाड. पानं जाड, गडद हिरवी, टोकाशी किंचित खाच असलेली, उजेडासमोर धरली तर त्यांत बारीक पारदर्शक ठिपके दिसतात आणि चुरगळली तर लिंबाचा वास येतो. फळं इवल्या लिंबांसारखी. नीलवंताच्या सुरवंटाचं हे आवडतं अन्न, आणि पपनस, लिंबू अशा लागवडीच्या झाडांवरही तो वाढतो. ज्याला माकडलिंबू ओळखता येतो त्याला नीलवंत शोधावा लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. वाटाड्यांनी एक झुडूप दाखवलं आणि आम्ही त्याच्यापासून दोन हात दूर उभे राहून पानं तपासत गेलो.

मादी एका जागी एकच अंडं घालते. पानावर उतरली की पुढच्या पायांनी त्यावर टपटप करते, पायांवरच्या संवेदकांनी पानाची चव घेते, झाड योग्य वाटलं तरच अंडं. ते गोल, पिवळसर आणि मोहरीएवढं. कोवळा सुरवंट तपकिरी-पांढरा असतो, पानावर तो पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा दिसतो आणि त्यामुळेच पक्षी त्याला सोडून देतात. पाचव्या, शेवटच्या अवस्थेत तो हिरवा होतो आणि अंगावर पांढरट तिरके पट्टे येतात. आम्हाला असा एक मोठा सुरवंट पानाच्या मधल्या शिरेवर निश्चल बसलेला सापडला. एका मुंगीने त्याला छेडलं तसे डोक्यामागून दोन फाट्यांचं लालसर, ओलं शिंग बाहेर आलं आणि उग्र आंबट वास पसरला. ते शिंग म्हणजे त्याचं एकमेव शस्त्र, आणि ते आपण बोटाने टोचून बाहेर काढायला लावू नये. कोष रेशमी धाग्याच्या पट्ट्याने फांदीला बांधलेला असतो, आसपासच्या रंगानुसार कधी हिरवा तर कधी तपकिरी. अंड्यापासून फुलपाखरू होईपर्यंत हवामानानुसार महिना ते दीड महिना जातो. एवढ्या काळात परजीवी गांधीलमाश्या, कोळी, सरडे, पक्षी यांच्यातून जी थोडी वाचतात तीच पंख पसरतात.

झुडपात हात घालून पानं उलटू नका, हेही आवर्जून सांगते. आंबोलीत मलबारी चापडा हा विषारी साप हाताच्या उंचीवरच्या फांद्यांवर बसतो आणि पानांत इतका मिसळून जातो की दोनदा पाहूनही कळत नाही. दुर्बिणीने पाहा, लांब बाह्यांचा शर्ट आणि घोट्यापर्यंतचे बूट घाला, सुगंधी तेलं-अत्तरं घरी ठेवा.

हिरण्यकेशीला अवश्य जा. नदीचा उगम, गुहेतलं मंदिर, भोवती गच्च झाडी, आणि समोरच्या पाण्याच्या कडेला उन्हाच्या तुकड्यांत फुलपाखरं. इथल्या कुंडात शिस्तुरा हिरण्यकेशी हा छोटा मासा राहतो, २०२० साली त्याची नवी जात म्हणून नोंद झाली आणि पुढच्या वर्षी राज्याने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली. त्यामुळे पाण्यात उतरू नका, साबण किंवा निर्माल्य टाकू नका. महादेवगडाच्या वाटेवर घाणेरीच्या आणि भारंगीच्या फुलांवर आम्हाला नीलवंत मध घेताना दिसले, वाट सोपी असल्यामुळे लहान मुलांना घेऊन तिथे जाणं सोयीचं.

आंबोली दूर पडत असेल तर बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, ठाण्याजवळची ओवळेकर वाडी, ताम्हिणी किंवा मुरूडजवळचं फणसाड अभयारण्य यांपैकी जवळचं निवडा. राखीव जंगलात जाताना वनखात्याचे नियम आणि वेळा आधी विचारून घ्या. नोंद करताना तारीख, वेळ, जागा आणि फुलपाखरू काय करत होतं एवढं तरी लिहा. अंडं किंवा सुरवंट दिसला तर झाडाच्या पानाचा वेगळा फोटो जरूर घ्या, कारण कोणत्या भागात ते कोणत्या झाडावर वाढतं हे पुढच्या माणसाला त्यावरूनच कळतं.