आमची वाटचाल : आधी मीटर, मग पाना

आर्वी भागात जुनी जीप, मेटॅडोर किंवा ४०७ बॅटरीला चार्जिंग देत नसली, की लोक आमच्या गाड्यांच्या वायरिंग-वायंडिंगच्या दुकानाचा पत्ता सांगतात. हे नाव आम्ही कामावर कमावलं आहे, म्हणून अभिमानाने लिहितो.

सुरुवात दोघांनी केली. जोडीदार वायंडिंगचे आणि मी वायरिंगचा. भांडवल म्हणजे टेस्ट लॅम्प, बॅटरीचं ॲसिड तपासायचा हायड्रोमीटर, सुईचा मीटर आणि जोडीदारांनी भंगारातल्या ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या जमवून स्वतः बांधलेला ग्राउलर, म्हणजे आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) तपासायचं यंत्र. त्यावर आर्मेचर ठेवायचं, वरून हॅक्सॉचं पातं धरायचं आणि आर्मेचर हळूहळू फिरवायचं. ज्या खाचेवर पातं थरथरलं, तिथली कॉइल शॉर्ट. पुढे जोडीदार बुटीबोरीला कंपनीत लागले, पण ग्राउलर मला देऊन गेले. सेल्फचं आर्मेचर आजही आम्ही त्यावरच पाहतो. जोडीदारांइतका नेमका हात मी नंतर कोणाचा पाहिला नाही.

इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आले, बॅटरीचा करंट उलटा जाऊ न देणारे कट-आउट गेले, त्या जागी डायोड आले. ड्रायव्हर लोक अजून अल्टरनेटरला डायनॅमोच म्हणतात, आम्हीही म्हणतो. धंदा बरा चालला होता, म्हणून बँकेचं कर्ज काढून उतरवलेला डायनॅमो फिरवून तपासायचा टेस्ट बेंच घेतला. नेमकं त्याच सुमारास बसस्टँडकडे एक दुकान उघडलं.

दुकानाचं नाव लिहीत नाही. काचेचं दार, बॅटऱ्यांच्या रांगा आणि प्रत्येक बॅटरीमागे ड्रायव्हरच्या खिशात कमिशन. गाडी कोणतीही असो, निदान दोनच : बॅटरी गेली किंवा डायनॅमो गेला. मीटर तिथे होता, पण मी तो गाडीला लागलेला कधी पाहिला नाही. एवढ्यावर भागलं असतं तर बोललो नसतो. आमच्या वायंडिंगला दम नाही, आम्ही तांबं हलकं वापरतो, असं तिथून गावभर पसरवलं गेलं. काळी-पिवळीवाले एकेक करून तुटले. ज्यांच्या गाड्या मी रात्री कंदिलाच्या उजेडात चालू करून दिल्या होत्या, ते समोरून हॉर्न न वाजवता जायचे. बेंचचे हप्ते थकले, बँकेची नोटीस आली, मुलाला वर्ध्याला दुसऱ्याच्या गॅरेजात पाठवावं लागलं. आमचा माल खोटा होता हे आजवर कोणी दाखवून दिलेलं नाही, आणि ज्यांनी ते पसरवलं त्यांनी कधी शब्द मागे घेतला नाही. ही गोष्ट मनातून जात नाही.

त्या दिवसांत कारंजा घाडगेकडचे एक संत्रा बागायतदार आले. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. जुनी कमांडर जीप, डिझेल. बाहेरगावी बंद पडली तेव्हा ड्रायव्हरने ती बसस्टँडकडच्या त्या दुकानात नेली होती. तिथे बॅटरी बदलली, मग डायनॅमो, मग पुन्हा बॅटरी. तरी सकाळी सेल्फ जड फिरायचा आणि रात्री लाईट पिवळे पडायचे.

"पैसे लावून लावून थकलो ना भाऊ, गाडी काही चार्जिंग देऊन नाई राह्यली. आता तूच पाह्य."

पाना हातात घेतलाच नाही. गाडी बंद असताना बॅटरी १२.५ व्होल्ट, म्हणजे बॅटरीत दम होता. इंजिन चालू करून रेस दिली, हेडलाईट लावले, तर बॅटरीच्या टोकांवर फक्त १२.९. असा आकडा पाहिला की घाईचा माणूस डायनॅमो उतरवतो. मी मीटरची एक तार डायनॅमोच्या जाड बोल्टला आणि दुसरी त्याच्याच बॉडीला लावली : १४.३. डायनॅमो पूर्ण देत होता. मग मधला व्होल्ट जातो कुठे? बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत मोजलं, ०.२. ठीक. डायनॅमोच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजलं, १.२! दोन्ही मिळून १.४, म्हणजे १४.३ आणि १२.९ मधला फरक; हिशेब जागेवर जुळला.

खाली वाकून पाहिलं. इंजिन ते चेसिसचा अर्थिंगचा पट्टा, ज्यातून करंट बॅटरीकडे परततो, तो थिंबलमध्ये (टोकाच्या कडीत) हिरवा पडला होता, अर्ध्या तारा तुटलेल्या, आणि बोल्ट रंगावरच कसलेला. सेल्फ मारताना ॲक्सिलेटरची केबल हाताला गरम लागत होती, कारण करंट परतीचा रस्ता तिच्यातून शोधत होता. चेसिसचा रंग खरवडून लोखंड चमकवलं, जाड विणीचा नवा पट्टा झाळून बसवला, वरून व्हॅसलीन. बॅटरीवर १४.१ आले. काकाजींनी सेल्फ मारला, गाडी अर्ध्या फेऱ्यात उचलली.

"बाप्पा! एवढ्या पट्ट्यासाठी दोन बॅटऱ्या?"

मी काही बोललो नाही, ते स्वतःच कळमन्याच्या संत्रा मंडीपर्यंत बोलले. वरूड, मोर्शीकडच्याही गाड्या येऊ लागल्या. कर्ज फिटलं, मुलगा परत आला. पुढची वर्षं कामात गेली.

आता गाडीमालकांना चार गोष्टी सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. चाबी लावली की चार्जिंगचा दिवा लागलाच पाहिजे. बल्ब उडाला तर कित्येक अल्टरनेटर जागेच होत नाहीत, आणि लोक अख्खं युनिट बदलतात. डिझेल जीपच्या अल्टरनेटरमागे बहुधा ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप असतो. त्याचं सील गेलं की ऑइल आत उतरतं आणि ब्रश भिजतात. नुसते ब्रश टाकून भागत नाही, आधी सील बदला. चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून डायनॅमो तपासायची जुन्यांची पद्धत खऱ्या जुन्या डायनॅमोपुरती ठीक होती, अल्टरनेटरचे डायोड त्याने क्षणात जाऊ शकतात. हे कोणी करत असेल तर त्याचा हात धरा. आणि बॅटरीचं पाणी वारंवार कमी होत असेल तर आपल्याकडच्या उन्हाळ्यावर ढकलू नका. इंजिन चालू असताना बॅटरीवर १५ व्होल्टच्या वर आकडा गेला असेल तर व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे.

नव्या गाड्यांत चार्जिंगही कॉम्प्युटर सांभाळतो, ते मुलगा स्कॅनरवर पाहतो. जुन्या गाडीला अजून मीच बसतो. येताना दुसरीकडे काढून ठेवलेला जुना डायनॅमोही सोबत आणा. आमच्या बेंचवर तो बरेचदा चांगला निघतो.