हार्डनेसचा रकाना

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातले बारीक बदल मोजणारा फ्लक्सगेट सेन्सर घरी करायचा ठरवलात तर वाइंडिंग, सर्किट, प्रोग्रॅम यांची धास्ती घेऊ नका. ते सगळं होतं. माझं घोडं अडलं ते बेळगावात, उद्यमबागेतल्या एका हीट ट्रीटमेंटच्या (धातू भट्टीत तापवून कठीण किंवा मऊ करायच्या) कारखान्यात, चलनावरच्या एका रकान्यापाशी. जून ते नोव्हेंबर, पाच महिने.

१० मे २०२४ च्या रात्री मोठं चुंबकीय वादळ झालं, म्हणजे सूर्याकडून आलेल्या कणांनी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलवलं. लडाखात हानलेचं आकाश तांबडं झालं होतं आणि मी टिळकवाडीत मोबाईलमधलं होकायंत्र उघडून बसलो होतो. आकडा नुसता थरथरत होता. आपल्याकडं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४०,००० नॅनोटेस्ला (हे ते मोजायचं एकक). मोठ्या वादळात त्यातले काहीशे कमी होतात, आणि माझ्या मोबाईलच्या चिपची एक पायरीच १५० ची. दिसणार काय त्यात? पुढचं वादळ स्वतःच्या यंत्रावर बघायचं, असं त्याच रात्री ठरवलं.

फ्लक्सगेटचा सगळा जीव त्याच्या कड्यात असतो. निकेल-लोखंडाच्या परमॅलॉय नावाच्या मिश्रधातूची पातळ पट्टी गुंडाळून कडं करायचं, त्यावर तारेचे वेढे घालून उलटसुलट करंट सोडायचा, म्हणजे ते प्रत्येक फेरीत दोन्ही दिशांना चुंबकत्वानं पूर्ण भरतं. बाहेर क्षेत्र नसेल तर दोन्ही बाजू सारख्या भरतात. असेल तर एक बाजू आधी भरते आणि सिग्नल टिपायला घातलेल्या दुसऱ्या वेढ्यांत दुप्पट फ्रिक्वेन्सीचा सिग्नल उमटतो. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या हुडकायला हेच तंत्र होतं. आज आदित्य-एल१ यानावर ६ मीटरच्या दांड्यावर हेच बसवलंय, यानाचं स्वतःचं चुंबकत्व आड येऊ नये म्हणून.

पण पट्टी लाटताना, गुंडाळताना धातूत ताण राहतो. मग चुंबकत्व सरळ न फिरता झटक्याझटक्यानं फिरतं आणि सिग्नलमध्ये खरखर येते. बार्कहाउझेननं १९१९ मध्ये दाखवली ती हीच खरखर. ती घालवायची तर कडं ११०० अंशांच्या आसपास काही तास हायड्रोजनमध्ये किंवा व्हॅक्यूममध्ये तापवायचं आणि सावकाश थंड करायचं. हे घरच्या शेगडीचं काम नव्हे. आणि हो, गुंडाळताना पट्टीच्या थरांमध्ये मॅग्नेशियम ऑक्साईडची पूड लावा, नाहीतर भट्टीत थर एकमेकांना चिकटतात.

०.०५ मिलिमीटरची पट्टी मुंबईहून आणली, सिरॅमिकच्या रिंगांवर गुंडाळून तीन कडी केली आणि त्यातलं एक घेऊन कारखान्यात गेलो. चलनावर पहिला रकाना ग्रेडचा, दुसरा हार्डनेसचा, म्हणजे धातू किती कठीण हवा त्याचा. मी सांगितलं, हार्डनेस नको, उलट ताण काढायचाय. टेबलावरचा माणूस म्हणाला,

"हार्डनेस किती ते लिहा की ओ पहिलं. त्याशिवाय कॉम्प्युटर पुढं जात नाही."

त्यांचं सगळं काम गिअर आणि शाफ्टचं. माल भट्टीतून आला की हार्डनेस मोजणाऱ्या रॉकवेलच्या मशीनखाली धरायचा, आकडा बघायचा, पाठवायचा. मी कागदावर तापमान, वातावरण, थंड करायचा वेग, सगळं लिहून दिलं होतं. तो कागद त्यांनी चलनाला टाचणी मारून लावला. आणि रकान्यात टेबलावरच्या माणसानं मला न विचारता ५८-६० भरलं.

त्या आकड्यानं माझं कडं थेट गिअरच्या चार्जमध्ये, म्हणजे एका वेळी भट्टीत जाणाऱ्या मालात, गेलं. म्हणजे कार्बन मुरवायच्या भट्टीत! परमॅलॉयमधला कार्बन बाहेर काढायला जिथं लोक हायड्रोजन वापरतात, तिथं माझ्या कड्यात कार्बन भरला गेला. ऑगस्टमध्ये ते काळं होऊन परत आलं. १०० वेढे घालून त्यांचं इंडक्टन्स मोजलं (जितकं जास्त तितकं कडं चांगलं) तर १.४ मिलिहेन्री. हिशेबानं १० च्या वर यायला हवं होतं. हा राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्यांदा दोन कडी दिली. आता रकाना मीच कोरा ठेवला, तर ट्रे फळीवरच पडून. चार खेपा झाल्या. १० ऑक्टोबरला संध्याकाळी गेलो तर खंडेनवमीची झाडलोट चालू होती, भट्ट्यांना झेंडूच्या माळा चढत होत्या, आणि माझी कडी त्याच फळीवर, त्याच वर्तमानपत्रात. त्याच रात्री वर्षातलं दुसरं मोठं वादळ आलं आणि गेलं. ते हुकलं याचं दुःख मला आजही आहे.

सुटलं ते डायच्या (साच्यांच्या) विभागातल्या एका वयस्कर फोरमनमुळं. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला. म्हणाले, "इतक्या पातळ पट्टीवर रॉकवेलची सुई आरपार जाईल. हे मऊ करायचंय." रकान्यात स्वतःच्या हातानं "तपासणी नाही" लिहून सही केली. डायसाठीच्या व्हॅक्यूम भट्टीत रिकामी जागा होती. तुम्ही गेलात तर असा माणूस आधी शोधा, टेबलापाशी वेळ घालवू नका. आणि एक गोष्ट ठासून सांगा: डायला शेवटी नायट्रोजनचा झोत मारून झटकन थंड करतात, तो आपल्या मालाला नको. भट्टीतच थंड होऊ द्या.

कडी चांदीसारखी लख्ख निघाली. ट्रे टेबलावर ठेवताना पोराच्या हातून एक घरंगळून फरशीवर पडलं. टिंग असा बारीकसा आवाज. डोळ्यांना काही फरक नाही, मीटरवर ६. न पडलेलं, १३. भट्टीनंतर हे कडं वाकवायचंही नाही आणि आपटायचंही नाही; डबीत कापसात घालून आणा.

पुन्हा करायचं झालं तर मी कोबाल्टची अमॉर्फस पट्टी घेईन. वितळलेला धातू फिरत्या चाकावर सोडून सेकंदाला लाखो अंशांनी गोठवतात, त्यामुळं त्यात स्फटिकच बनत नाहीत. ती ११०० पर्यंत तापवावी लागत नाही.

सेन्सर आता येळ्ळूरला मामांच्या शेतात पीव्हीसी पाइपात पुरलाय, स्क्रू पितळेचे. जागा आधी होकायंत्र फिरवून बघा. आपला काळा दगड स्वतःच चुंबकीय असतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला नेली, तसं मी टिळकवाडीच्या रेल्वे गेटापासून लांब आलो. वादळ नसलेल्या पहिल्या शांत दिवशी आलेख सकाळपासून चढत बाराच्या सुमारास चाळीसेक नॅनोटेस्लांनी वर गेला आणि चारपर्यंत उतरला. सूर्यामुळं वरच्या वातावरणात वाहणाऱ्या करंटचा तो उंचवटा. मामांना दाखवला. त्यांनी विचारलं, "आणि ही साडेतीनची खाच?"

तो त्यांचा ट्रॅक्टर होता.