सदाफुली निळी कधी झाली?

"काकू, हा पेरिविंकल," लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानातला मुलगा आईला म्हणाला. फिकट निळा, किंचित जांभळट.

"म्हणजे काय रे?"

त्याने मोबाईल पाहिला. "काकू, फूल आहे. मराठीत सदाफुली."

आईने चष्मा कपाळावर सरकवला. "सदाफुली निळी कधी झाली? माझ्या कुंडीत तर गुलाबी आहे!"

बिचारा गप्प. (पुण्यात गिऱ्हाईकाने दुकानदाराला गप्प केलं, हेही नवलच.)

घरी येऊन शोधलं. दोघंही बरोबर. रंग युरोपातल्या विंका नावाच्या वेलीच्या फुलाचा. आपली सदाफुली मादागास्करची. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५९ साली तिला विंका रोझिया म्हटलं, आणि इंग्रजीत तीही पेरिविंकल. पुढे शास्त्रज्ञांनी तिला विंकाच्या वंशातून काढलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आईला याचं काही नाही. साडी खिडकीशी नेली, पदर उजेडात धरला आणि म्हणाली, "हा तर जवसाच्या फुलाचा रंग. आमच्याकडे अख्खं शेत असं दिसायचं. सकाळीच हं, दुपारपर्यंत पाकळ्या गळून जायच्या."

अबोली म्हटलं की कुणी मोबाईल काढत नाही. मग जवशी का नाही म्हणत आपण?