लेनी विल्सनची दहा वर्षं

स्मरणिकेसाठी प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या कामाच्या जगाबद्दल लिहावं, अशी संपादक मंडळाची सूचना आहे. माझं काम अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात, गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाचं आणि त्यापाठोपाठ येणाऱ्या कागदपत्रांचं. आज आपल्या शाळेत पेटीवर सरगम शिकणाऱ्या किंवा वहीच्या मागच्या पानावर गाणी लिहिणाऱ्या मुलामुलींना या धंद्याची आतली रचना कळावी, म्हणून लेनी विल्सन या कंट्री (म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या संगीताच्या) गायिका-गीतकार मुलीची वाटचाल निवडली आहे.

लेनीचा जन्म १९९२ चा, लुइझियाना राज्यातल्या बास्किन या काही शे वस्तीच्या गावचा. वडील शेतकरी, आई शिक्षिका. नवव्या वर्षी पहिलं गाणं लिहिलं, पुढे गिटारचे पहिले कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) वडिलांनी शिकवले. किशोरवयात ती वाढदिवसांना आणि जत्रांना हॅना मोंटाना या टीव्हीवरच्या पात्राचं सोंग घेऊन गायची. २०११ मध्ये ओढून नेण्याचा कॅम्पर ट्रेलर घेऊन ती नॅशव्हिलला आली आणि ओळखीच्या निर्मात्याच्या स्टुडिओच्या वाहनतळावर तो लावून त्यातच राहिली. २०१४ आणि २०१६ मध्ये अल्बम निघाले. त्यांची फारशी दखल कुणी घेतली नाही. गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या प्रकाशन कंपनीशी मोठा करार व्हायला २०१८ उजाडलं आणि कंट्री रेडिओच्या यादीत पहिला क्रमांक मिळाला तो सप्टेंबर २०२१ मध्ये. नॅशव्हिलला ‘दहा वर्षांचं शहर’ म्हणतात, कारण इथे जम बसायला दहा वर्षं लागतात. तिच्या बाबतीत हिशोब अगदी बरोबर जुळला.

या दहा वर्षांत माणूस करतो काय? मुख्यतः लिहितो, आणि तेही दुसऱ्यांबरोबर बसून. म्युझिक रो नावाच्या भागात प्रकाशकांच्या छोट्या खोल्या आहेत. सकाळी दहा-अकराला दोघं किंवा तिघं जमतात. प्रत्येकाच्या फोनमध्ये शीर्षकांची यादी असते. आधी शीर्षक ठरतं, मग ते ध्रुवपदाच्या शेवटच्या ओळीत कसं पडेल ते पाहतात आणि त्यानंतर कडव्यांना हात घालतात. तीन-चार तासांत गाणं उभं राहतं आणि गिटार-आवाजावर फोनमध्ये मुद्रित होतं. त्या दिवशी ज्या ओळी सुचल्या नाहीत त्या पुढे सहसा सुचत नाहीत, म्हणून गाणं अर्धवट ठेवून उठत नाहीत.

तिचं पहिल्या क्रमांकाचं गाणं, ‘थिंग्ज अ मॅन ऑटा नो’ (पुरुषाला ठाऊक असायला हव्यात अशा गोष्टी), तिने जेसन निक्स आणि जोनाथन सिंगल्टन यांच्यासोबत लिहिलं. त्याची बांधणी मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. पहिलं कडवं निव्वळ हातकामाचं: गाडीला ट्रेलर जोडणं, रस्त्याकडेला टायर बदलणं. पुरुषाला यायला हवीत अशी कामं ती आपल्याला येतात म्हणून सांगते. पुढे तेच शब्द नातं निभावण्यावर येतात, आणि ज्याला ते जमलं नाही त्याचं नावही न घेता सगळं कळतं. एकही विशेषण फुकट गेलेलं नाही. तिचा आवाज उत्तम आहे, पण तशा आवाजाच्या मुली त्या शहरात पुष्कळ आहेत. तिला वर आणलं ते या लिहिण्याने, असं माझं ठाम मत आहे. क्रिस स्टॅपल्टन या कंट्री गायकाचंही तसंच. २०१५ मध्ये स्वतःचा पहिला अल्बम येण्याआधी बरीच वर्षं तो इतरांसाठी गाणी लिहीत होता.

लिहिलेलं पारखून घ्यायची जागा म्हणजे ब्लूबर्ड कॅफे. १९८२ मध्ये सुरू झालेली ही जेमतेम नव्वद खुर्च्यांची खोली दुकानांच्या एका साध्या रांगेत आहे. सोमवारी नवख्यांसाठी खुला मंच असतो. इतर बहुतेक दिवशी चार गीतकार खोलीच्या मधोमध एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि आळीपाळीने आपापलं गाणं म्हणतात. श्रोत्यांनी बोलायचं नाही, हा तिथला कडक नियम. कोणती ओळ फसली ते गाणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं.

आता ध्वनिमुद्रण. आपल्या मुलांना हा भाग सर्वांत लवकर समजेल. नॅशव्हिलचे वादक स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी) क्वचितच वापरतात. ते आकडे वाचतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूज यांनी ही पद्धत काढली आणि चार्ली मकॉय व इतर वादकांनी ती रुळवली. पट्टीचा सा म्हणजे १, रे २, ग ३, असं नी ७ पर्यंत. आकडा त्या सुरावर उभ्या राहणाऱ्या कॉर्डचा. गाणं जी (म्हणजे पांढरी पाच) पट्टीत असेल तर १ म्हणजे जी, ४ म्हणजे सी, ५ म्हणजे डी. ६ च्या पुढे आडवी रेघ दिली की ई मायनर, म्हणजे कोमल गंधाराचा कॉर्ड. एक आकडा एका बारचा, म्हणजे तालाच्या एका आवर्तनाचा, बहुधा चार मात्रांचा. एका बारमध्ये दोन कॉर्ड येत असतील तर दोन्ही आकड्यांखाली मिळून एक रेघ. कॉर्ड एकदाच छेडून बारभर घुमू द्यायचा असेल तर आकड्याभोवती हिऱ्याच्या आकाराची चौकट. अख्खं गाणं एका पानावर मावतं. गायिकेला पट्टी उंच पडली आणि पांढरी दोनऐवजी काळी एक घ्यायची ठरली, तरी कागद बदलत नाही. सा हलवून गाणं शिकलेल्या आपल्या मुलांना यात नवीन असं काही नाही.

चुका ठरावीक जागी होतात. लिहिताना गाणं बसून, हलक्या आवाजात म्हटलेलं असतं, त्यामुळे पट्टी खाली धरली जाते. स्टुडिओत उभं राहून गाताना ध्रुवपद खुलतच नाही. म्हणून ध्रुवपदातला सर्वांत उंच सूर पूर्ण आवाजात लावून बघायचा आणि मगच पट्टी ठरवायची. दुसरी चूक म्हणजे दोन कॉर्डच्या बारखालची रेघ विसरणं. मग एका बारचे दोन बार होतात आणि सगळे वादक वेगवेगळ्या ठिकाणी पोचतात. तिसरी, शेवटचं ध्रुवपद वरच्या पट्टीत न्यायचं असेल तर तिथून नवा सा कोणता ते ठळक न लिहिणं. नमुन्याच्या (डेमो) ध्वनिमुद्रणात तीन तासांत पाच गाणी उरकतात, म्हणजे गाण्याला छत्तीस मिनिटं. चूक शोधण्यात दहा मिनिटं गेली तर ती पेडल स्टील गिटारच्या वाट्यातून जातात. हे वाद्य दहा तारांचं, बहुधा तीन पेडल आणि गुडघ्याने ढकलायच्या चार-पाच दांड्यांचं. त्याची मींड आपल्या कानाला लगेच ओळखीची वाटते, तिला घाई केलेली चालत नाही.

पैशाचं गणित कोरडं आहे, पण ते कळल्याशिवाय या धंद्यातलं काहीच कळत नाही. अमेरिकेत एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला मिळतात, गाणाऱ्याला नाही. स्वतःचं गाणं स्वतः लिहिण्याचं हे एक सरळ कारण. सीडी किंवा विकत घेतलेल्या डाउनलोडच्या प्रत्येक प्रतीमागे पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला २०२४ मध्ये गाणं लिहिणाऱ्यांना आणि प्रकाशकाला मिळून १२.४ सेंट ठरलेले होते. तिघांनी लिहिलं तर प्रत्येकी ४.१३ सेंट, प्रकाशकाचा अर्धा वाटा वजा केला की हातात दोन सेंटांच्या आसपास. प्रकाशकाशी झालेल्या करारात दरमहा मिळालेली आगाऊ रक्कमही आधी यातूनच फिटते. रेडिओवरची चढणही संथ असते. लेनीचं ‘थिंग्ज अ मॅन ऑटा नो’ वर जायला वर्षाहून अधिक काळ लागला.

पुढचं सर्वांना माहीत आहे: २०२३ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वोत्तम कलाकाराचा पुरस्कार, फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी हा संगीत पुरस्कार आणि त्याच वर्षी जूनमध्ये ग्रँड ओल ऑप्रीचं सदस्यत्व. १९२५ पासून चालत आलेल्या त्या रेडिओ कार्यक्रमाचं सदस्यत्व फक्त निमंत्रणानेच मिळतं.

शाळेतल्या मुलांनी दोघातिघांत मिळून गाणं केलं, तर त्याच दिवशी एका कागदावर तारीख, गाण्याचं नाव, प्रत्येकाचं कागदोपत्री असलेलं पूर्ण नाव, शब्द कुणाचे, चाल कुणाची आणि प्रत्येकाचा टक्का लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. नॅशव्हिलमध्ये रिवाज समान वाट्यांचा आहे. कुणाच्या किती ओळी ते मोजत नाहीत. पुढे नोंदणीत टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर गेली की पैसे अडकतात, आणि तोवर मैत्रीही अडकलेली असते. आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर चित्रपटातल्या किंवा ध्वनिमुद्रिकेतल्या गाण्याच्या गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा हक्क आहे आणि तो निर्मात्याला लिहून देता येत नाही. मुंबईतली आयपीआरएस ही संस्था ही रॉयल्टी गोळा करून वाटते. गाणं प्रसिद्ध झालं की तिचं सदस्यत्व घेऊन गाण्याची नोंद करावी. नोंद करताना तो सह्यांचा कागद समोर ठेवावा आणि टक्के त्यात आहेत तसेच भरावेत.